पेन्सिलीपासून पडद्यापर्यंत: हाताने काढलेलं पात्र पूर्ण कसं करायचं

माझं पहिलं पूर्ण केलेलं पात्र पेन्सिलीत जिवंत होतं. शाई चढली आणि ते ताठरलं. स्कॅन केल्यावर कागद राखाडी दिसायला लागला, आणि रंग भरले तेव्हा प्रत्येक काळ्या रेषेच्या कडेने पांढरी किनार उमटली. आपल्याला चित्र काढता येत नाही, अशी त्या दिवशी माझी खात्रीच झाली होती. आज तोच कागद बघते तेव्हा दिसतं की पेन्सिलीचं काम ठीक होतं. बिघडलं ते एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जाताना.

कॉमिक्सच्या व्यवसायात पेन्सिलर (पेन्सिलीने काढणारा), इंकर (शाई चढवणारा) आणि कलरिस्ट (रंग भरणारा) ही बरेचदा वेगवेगळी माणसं असतात. पान दुसऱ्याच्या हातात जाणार, त्याला काहीही तोंडी सांगता येणार नाही, हे माहीत असल्यामुळे प्रत्येक जण आपलं काम स्पष्ट करून पुढे पाठवतो. आपण एकटेच सगळं करतो, म्हणून “हे शाईत बघू”, “हे कॉम्प्युटरवर नीट करू” असं म्हणत पुढे सरकतो. खाली प्रत्येक पायरीत मी हेच सांगणार आहे: पुढच्या माणसाला काय लागेल ते आत्ताच तयार ठेवा. तो पुढचा माणूस तुम्हीच असलात तरी.

काय काय लागेल

- कच्च्या कामासाठी झेरॉक्सचा साधा ८० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम) कागद. शाईसाठी मात्र गुळगुळीत आणि जाड कागद घ्या, १८० ते २५० जीएसएमचा. गुळगुळीत ब्रिस्टल (चित्रकलेचा जाड, कडक कागद) सगळ्यात चांगला.
- एचबी आणि २एच पेन्सिल. शक्य असेल तर फिकट निळी पेन्सिल किंवा मेकॅनिकल पेन्सिलीत बसणारं निळं शिसं.
- दोन खोडरबर: एक नेहमीचा मऊ पांढरा आणि एक कणकेसारखा मळता येणारा.
- पिगमेंट शाईचे, वॉटरप्रूफ लिहिलेले फाइनलायनर (बारीक टोकाची पेनं). जाड, मध्यम, बारीक असे तीन पुरतात.
- पांढरं जेल पेन किंवा पांढरा गुवाश (अपारदर्शक जलरंग).
- फ्लॅटबेड स्कॅनर. नसेल तर फोनचा कॅमेरा, त्याबद्दल पुढे सांगते.
- लेअर (एकावर एक ठेवलेले पारदर्शक थर) असलेलं कोणतंही सॉफ्टवेअर. क्रिता आणि गिंप फुकट आहेत आणि या कामाला पूर्ण पुरेसे आहेत.
- ड्रॉइंग टॅबलेट असेल तर सावल्या रंगवणं सोपं जातं. सपाट रंग माउसनेही भरता येतात.

१. आधी अंगठ्याएवढी चित्रं काढा

मोठ्या कागदावर थेट डोळ्यांपासून सुरुवात करू नका. एका पानावर पात्राच्या आठ-दहा छोट्या आकृत्या काढा, प्रत्येकी एका मिनिटाच्या. डोक्यापासून टाचेपर्यंत जाणारी एक वाकदार रेघ आधी ओढा आणि शरीर तिच्यावर बसवा. उभी पोज असली तरी ही रेघ सरळसोट नको. वजन एका पायावर आलं की कंबर एका बाजूला आणि खांदे उलट बाजूला झुकतात, तेवढ्यानेच माणूस उभा असल्यासारखा वाटतो.

आवडलेली आकृती पूर्ण काळी करून बघा. नुसत्या काळ्या आकारावरून पात्र काय करतंय ते कळलं पाहिजे. हात छातीसमोर असेल तर तो या काळ्या आकारात गडप होतो. मग एकतर हात बाजूला काढा, किंवा पुढे शाईत तो उठून दिसावा यासाठी वेगळी मेहनत घ्यावी लागेल हे स्वीकारा.

२. ढाचा आणि मापं

शरीराची उंची डोक्याच्या मापात मोजायची. साधारण वास्तववादी प्रौढ माणूस साडेसात डोकी उंच बसतो, नायकासारखं भारदस्त पात्र आठ डोकी, आणि मोठ्या डोक्याची गोंडस पात्रं दोन ते तीन डोकी. शरीराचा मध्यबिंदू कंबरेवर नसून त्याच्या खाली, जांघेपाशी येतो. डोळे कवटीच्या बरोबर मध्यावर येतात. नवशिके ते वर काढतात आणि मग कपाळाला जागाच उरत नाही. हाताचा पंजा हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत चेहरा झाकेल एवढा असतो, आणि बहुतेकांच्या चित्रात तो लहान पडतो.

ही मापं मोडायला हरकत नाही. फक्त एकाच पात्राच्या दोन चित्रांत ती सारखी मोडा.

३. शाईसाठीची पेन्सिल

कच्चं स्केच आणि शाईसाठीची पेन्सिल ही दोन वेगळी चित्रं आहेत, हे मला फार उशिरा कळलं. कच्च्या स्केचमध्ये एका दंडाला पाच रेषा असतात आणि डोळा त्यांतली चांगली निवडून घेतो, म्हणून ते जिवंत वाटतं. शाईत एकच रेष उरते. ती कोणती हे पेन हातात घेतल्यावर ठरवायला गेलात तर हात अडखळतो आणि रेष थरथरते. माझं पात्र ताठरलं त्याचं कारण हेच होतं.

म्हणून कच्चं स्केच लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या पेटीवर) किंवा खिडकीच्या काचेवर ठेवून, त्यावर चांगला कागद धरून नवीन, एकेरी पेन्सिल रेषा काढा. जाड कागदातून दिसत नसेल तर कच्च्या स्केचवर मळता येणारा खोडरबर थोपटून ते पुसट करा आणि त्यावरच पक्की रेष काढा. घासू नका, नुसतं थोपटा. जाड ग्रॅफाइटवर शाई नीट धरत नाही आणि फाइनलायनरचं टोकही बुजतं.

निळी पेन्सिल इथेच कामाला येते. निळ्यात काढलेलं सगळं स्कॅननंतर पुसून टाकता येतं, त्यामुळे कागद खोडायची गरजच राहत नाही.

पेन उचलण्याआधी तीन गोष्टी तपासा. कागद उलटा करून उजेडासमोर धरा. एक डोळा वर गेलेला असेल तर तो लगेच दिसतो. दोन वेगळ्या वस्तूंच्या कडा एकमेकींना नुसत्या टेकलेल्या आहेत का बघा, उदाहरणार्थ कोपराचं टोक बरोबर पट्ट्याच्या रेषेवर. अशा वेळी डोळ्याला पुढचं-मागचं कळत नाही. एक तर पूर्ण आत ढकला नाहीतर स्पष्ट दूर न्या. आणि जिथे पूर्ण काळं भरायचं आहे तिथे छोटी फुली मारून ठेवा. ही इंकरसाठी पेन्सिलरने ठेवायची जुनी खूण आहे. नंतर गोंधळ होत नाही.

४. शाई

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आधी चाचणी. त्याच कागदाच्या तुकड्यावर त्याच पेनाने रेघ ओढा, काही मिनिटं थांबा, त्यावर खोडरबर फिरवा, ओलं बोट फिरवा. शाई पसरते का? काठाला केसाळ होते का? अंतिम चित्रावर हे कळण्यापेक्षा तुकड्यावर कळलेलं बरं. पेनाच्या टोकावरचे आकडेही नीट वाचा: ०१ म्हणजे ०.१ मिलिमीटर असेलच असं नाही. साकुराच्या पिग्मा मायक्रॉनमध्ये ०१ ची रेष ०.२५ मिलिमीटरची असते आणि ०५ ची ०.४५.

पेन कागदाशी जास्तीत जास्त उभं धरा आणि दाबू नका. फाइनलायनर दाबल्याने रेष जाड होत नाही, टोक मात्र बसतं. जाडी हवी तिथे दुसऱ्यांदा रेष फिरवून ती वाढवायची.

जाडी कुठे वाढवायची. सगळीकडे सारखी रेष म्हणजे तारेचं पात्र. माझे नियम थोडे आहेत. पात्राची बाहेरची कड आतल्या रेषांपेक्षा जाड. प्रकाशाकडची बाजू बारीक, सावलीकडची जाड. हनुवटीखाली, काखेत, केस मानेला टेकतात तिथे रेष फुगते. दोन आकार एकमेकांवर येतात तिथे पुढच्या आकाराची रेष जाड. छातीसमोरचा तो हात यामुळेच उठून येतो. चेहऱ्याच्या आत मात्र हात आखडता घ्या: नाक आणि ओठांना सगळ्यात बारीक पेन, आणि वरची पापणी तेवढी जाड. खालच्या पापणीला, नाकपुडीला, ओठाच्या कडेला पूर्ण रेष दिली की दहा वर्षांची मुलगी चाळिशीची दिसायला लागते.

लांब रेषा. केसांची बट किंवा पायाची कड मनगटाने ओढली की तिला बाक येतो. कोपर उचला, खांद्यापासून हात हलवा, नजर टोकावर न ठेवता रेष जिथे पोचणार त्या जागेवर ठेवा. ओढण्याआधी दोनदा हवेत तीच हालचाल करा. कागद फिरवा, हवा तितका फिरवा, हाताला सोपी पडेल ती दिशा कागदाला द्या. मध्येच थांबावं लागलं तर कापडाच्या घडीपाशी किंवा कोपऱ्यापाशी थांबा. रेषेच्या मधोमध जोड आला की तिथे गाठ दिसते.

कुठून सुरू करायचं. काही जण चेहरा शेवटी ठेवतात. मी तुकड्यावर हात मोकळा करून आधी चेहराच करते. डोळा बिघडलाच तर पाच मिनिटं जातात. शेवटी बिघडला तर अख्खी दुपार जाते. नंतर वरून खाली या. उजव्या हाताचे असाल तर डावीकडून उजवीकडे, डावखुरे असाल तर उलट, आणि तळहाताखाली एक कोरा कागद कायम.

मोठे काळे भाग फाइनलायनरने भरू नका. कागद फुगतो, पेन संपतं, आणि रेघारेघांचं काळं पुन्हा स्कॅनमध्ये ठिगळासारखं दिसतं. फुली तशीच ठेवा, कडा पूर्ण करा, आत काळं कॉम्प्युटरवर भरा. मूळ कागद कुणाला द्यायचा किंवा भिंतीवर लावायचा असेल तर ब्रशने शाई भरा.

निब आणि दौत वापरून बघायची असेल तर एवढं लक्षात ठेवा: नव्या निबवर गंज रोखणारा तेलकट थर असतो, तो साबणाच्या पाण्याने काढून निब कोरडी करा, नाहीतर शाई थेंबाथेंबाने पडते. निब स्वतःकडे ओढायची, पुढे ढकलायची नाही. आणि लाख असलेली इंडिया इंक फाउंटन पेनमध्ये कधीही भरू नका. आत वाळली की पेन जातं.

५. खोडणं आणि डागडुजी

शाई कोरडी वाटते त्याच्या बऱ्याच नंतर ती खरोखर कोरडी असते. मी किमान तासभर थांबते, काळे भाग असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत. खोडताना कागद एका हाताने धरून त्या हातापासून दूर, एकाच दिशेने खोडा. मागेपुढे घासलं की कागदाला चुणी पडते. खोडल्यावर रेषा किंचित फिक्या पडतात, ते ठीक आहे.

छोटी चूक पांढऱ्या जेल पेनाने झाका. मोठी चूक कागदावर दुरुस्त करू नका. तो हात वेगळ्या कागदावर पुन्हा काढा, दोन्ही स्कॅन करा आणि जोडा. या एका सवयीने माझी भीती गेली.

६. स्कॅन

रेखाचित्र ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा, रंगीत मोडमध्ये, आणि स्कॅनरचं आपोआप उजळणं, धार लावणं हे सगळं बंद करून. ए४ कागद ६०० डीपीआयला ४९६० × ७०१६ पिक्सेल होतो. नंतर लहान करता येतं, मोठं करता येत नाही. फाइल पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. जेपेगमध्ये काळ्या रेषांभोवती राखाडी भुरा येतो, आणि पुढे रंग भरताना तो त्रास देतो.

काच पुसा. कागद शाईमुळे वाकला असेल तर झाकणावर जाड पुस्तक ठेवा. पातळ स्कॅनरमध्ये कागद काचेपासून थोडा जरी उचलला गेला तरी तेवढा भाग पुसट येतो.

फोन वापरणार असाल तर खिडकीजवळचा, पण थेट ऊन नसलेला उजेड घ्या. कॅमेरा कागदाला समांतर धरा, अगदी जवळ न जाता थोडं मागे सरून झूम करा, नाहीतर चेहरा मध्ये फुगतो. कागदपत्रं स्कॅन करणाऱ्या ॲपचा ‘ब्लॅक अँड व्हाइट’ पर्याय वापरू नका. तुमच्या बारीक पापण्या तो खाऊन टाकतो.

७. रेषा कागदापासून सोडवणं

ही पायरी मी सुरुवातीला वगळायचे. ती पांढरी किनार निम्मी यामुळेच येत होती.

निळी पेन्सिल असेल तर आधी चॅनल (चित्राचे लाल, हिरवा, निळा हे तीन घटक) वेगळे करा आणि फक्त निळा चॅनल ठेवा. त्यात फिकट निळं जवळजवळ पांढरंच दिसतं, म्हणजे पेन्सिल गायब होते आणि शाई राहते. निळी नसेल तर चित्र ग्रेस्केल करा.

मग लेव्हल्स (काळ्या-पांढऱ्याची पातळी बदलायची सोय) उघडा. आलेखात उजवीकडे मोठा उंचवटा दिसेल, तो म्हणजे तुमचा कागद. पांढरा स्लायडर त्या उंचवट्याच्या डाव्या पायथ्याशी आणा. काळा स्लायडर थोडा उजवीकडे सरकवा, रेषा भरीव काळ्या होतील एवढाच. नजर चित्रातल्या सगळ्यात बारीक रेषेवर ठेवा. ती तुटायला लागली की मागे या.

आता पांढरं काढून टाका. क्रिता आणि गिंपमध्ये ‘कलर टू अल्फा’ आहे, रंग पांढरा निवडा. क्लिप स्टुडिओमध्ये ‘कन्व्हर्ट ब्राइटनेस टू ओपॅसिटी’. फोटोशॉपमध्ये चॅनल्सच्या यादीत कंट्रोल धरून वरच्या चॅनलवर क्लिक करा, निवड उलटी करा आणि नव्या लेअरवर काळं भरा. क्रम चुकवू नका: लेव्हल्सच्या आधी हे केलंत तर राखाडी कागदाचा धुरकट थर रेषांबरोबर येतो.

रेषांच्या खाली एक भडक रंगाचा लेअर टाका, पिवळा किंवा गुलाबी. धुळीचे कण, खोडरबरचे चुरे, राहिलेली पेन्सिल, सगळं उघडं पडतं. ते पुसा आणि फुली मारलेल्या जागी काळं भरा.

एवढ्या मोठ्या फाइलचा पूर्ण भरलेला एक लेअर साधारण १४० एमबी मेमरी घेतो. मशीन दमत असेल तर साफसफाई झाल्यावर प्रत ३०० डीपीआयला आणा, भार एक चतुर्थांश होतो. मूळ स्कॅन तसाच ठेवा.

८. सपाट रंग

रेषांचा लेअर सगळ्यात वर, आणि लॉक करा. रंग खालच्या लेअरवर. बकेट टूलला (बंद आकारात रंग ओतणाऱ्या टूलला) संदर्भ रेषांच्या लेअरचा द्या, म्हणजे रेष कुठे आहे ते तो वरून बघेल आणि रंग खाली टाकेल. त्याच टूलमध्ये भरलेला भाग दोन-तीन पिक्सेल वाढवायचा पर्याय असतो, तो चालू करा. रंग रेषेच्या पोटाखाली सरकतो आणि उरलेली निम्मी किनारही जाते.

इंकिंग करताना तुम्ही काही ठिकाणी रेष मुद्दाम उघडी सोडली असेल, ती तशीच राहू द्या. बकेटमधून रंग बाहेर सांडतो म्हणून काळी रेष जोडू नका, चित्राचा श्वास तिथेच असतो. बकेटमध्ये फट बुजवण्याचा पर्याय असेल तर तो वापरा. गिंपमध्ये रेषा ओळखून भरण्याचा प्रकार आहे, क्रितामध्ये कलराइझ मास्क आहे. काहीच जमलं नाही तर लॅसोने (हाताने कड ओढून भाग निवडायच्या टूलने) तो आकार निवडून भरा. खरं सांगायचं तर मी निम्मं काम लॅसोनेच करते.

त्वचा, केस, कपडे यांचे वेगळे लेअर ठेवा आणि त्यांना नावं द्या. रंग ठरवताना वर एक राखाडी लेअर ‘कलर’ मोडमध्ये टाकून चित्र कृष्णधवल बघा. चेहरा आणि केस सारख्याच राखाडी छटेत मिसळत असतील तर रंग कितीही सुंदर असले तरी लांबून चेहरा वाचता येणार नाही.

९. सावली, प्रकाश, रंगीत रेषा

कोपऱ्यात बाण काढून प्रकाशाची दिशा नक्की करा. ती शाईत ठरवलेल्या जाड-बारीक बाजूंशी जुळली पाहिजे. सपाट रंगांवर क्लिप केलेला (म्हणजे त्यांच्या आकाराबाहेर न जाणारा) एक लेअर ‘मल्टिप्लाय’ (खालचा रंग गडद करणाऱ्या) मोडमध्ये घ्या आणि फिक्या जांभळट किंवा निळसर रंगाने सगळ्या सावल्या एकाच लेअरवर काढा. राखाडी किंवा काळ्याने केलेली सावली त्वचेला मळकट करते. कडा आधी धारदार ठेवा. गाल, कापडाची गोलाई अशा दोन-तीनच जागी त्या मऊ करा. सगळीकडे एअरब्रश फिरवला की हाताने काढलेली रेष आणि प्लास्टिकसारखी सावली यांचं जमत नाही.

शेवटी रेषांच्या लेअरचं अल्फा लॉक करून (म्हणजे रंग फक्त काढलेल्या रेषांवरच चढतो) चेहऱ्याच्या आतल्या रेषांना गडद तपकिरी रंग द्या. बाहेरची कड काळीच राहू द्या. रेषा कागदापासून सोडवल्या होत्या म्हणून हे दोन मिनिटांत होतं.

१०. फाइल पाठवणं आणि जपणं

लेअर असलेली फाइल सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवा. पडद्यासाठी तिची प्रत एसआरजीबीमध्ये (पडद्यांच्या नेहमीच्या रंगपद्धतीत) पीएनजी करा. छपाईसाठी ३०० डीपीआय ठेवा आणि चारी बाजूंनी साधारण ३ मिलिमीटर जादा भाग सोडा. फाइल सीएमवायके (छपाईच्या चार शायांची रंगपद्धत) हवी की आरजीबी (पडद्याची) हे छापणाऱ्यालाच आधी विचारा. सीएमवायकेत झगमगीत निळे आणि हिरवे फिके पडतात, ते छापून आल्यावर कळायला नको.

मूळ कागद उन्हापासून दूर, सपाट ठेवा. मागच्या बाजूला पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवा: कागद कोणता, पेनं कोणती, किती डीपीआय, आणि लेव्हल्सचे दोन आकडे. तेच साहित्य आणि तोच स्कॅनर असेल तर पुढच्या पात्राला हेच आकडे जवळजवळ तसेच लागू पडतात.